एकतीस निरंक

शिक्षक कॉलनीचा बाण खाली, जिनवस्तीचा बाण वर. दोन्ही वस्त्यांच्या मध्ये बावीस पावलांचा बोळ. इंदुमती भंगाळ्यांनी तो मोजला होता, कारण मोजायची त्यांना खोडच होती. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या पोळ्या, जावई वर्षातून किती वेळा 'मी करतो ते' म्हणाला आणि त्यातलं किती वेळा केलं, सगळं त्यांच्या डोक्यात जमा असे. कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, पण कारकून काही निवृत्त झाला नव्हता.

बाण होते 'ओघ'चे. २०४१ सालात तापीपूरचा माणूस सकाळी उठला की हवामानाच्या आधी ओघ बघायचा. प्रत्येक वस्तीच्या नावापुढे एक बाण. वर म्हणजे तिथली राजकीय हिंसा वर्षानुवर्षं चढते आहे, खाली म्हणजे उतरते आहे, आडवा म्हणजे जैसे थे.

गंमत अशी, की ही यंत्रणा काढली होती लोकांची धास्ती कमी करायला. कुठे स्फोट झाला की माणसाचं डोकं हिशेब सोडून देतं. अकरा माणसं मेली आणि ती पडद्यावर दिवसभर शंभरदा दाखवली, की अकराशे मेल्यासारखं वाटतं. शिवाय हिंसेची चाल सरासरीत बसणारी नसते. शंभर घटना दगडफेकीच्या, जाळपोळीच्या, आणि मग एखादीच इतकी मोठी, की ती एकटी आधीच्या शंभरांना भारी पडते. म्हणून एका आठवड्यावरून, एका वर्षावरूनसुद्धा काही ठरवू नये. पन्नास वर्षांच्या नोंदी एका ओळीत मांडाव्यात आणि मग विचारावं, पाणी चढतंय की उतरतंय? ओघ नेमकं हेच करायचा. राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याचे जुने मासिक तक्ते, कलेक्टर कचेरीतल्या गृहशाखेचे अहवाल, न्यायालयांचे निकाल त्याला भरवलेले होते. आकडा दाखवला तर लोक घाबरतील म्हणून करणाऱ्यांनी बाण दाखवला. बाणाला लोक आकड्यापेक्षा जास्त घाबरतात, एवढंच त्यांनी मोजलं नव्हतं.

चार वर्षांत बाणाने गावाची घडी बदलली. वरच्या बाणाच्या वस्तीत भाडेकरू मिळेना, संध्याकाळी सहानंतर सामान पोचवणारे येईनात. स्थळ बघताना पत्रिकेच्या आधी बाण विचारला जाऊ लागला. जिनवस्तीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न बाणापायी मोडलं आणि मुलाच्या आईने वर सांगितलं, "आमचं काही म्हणणं नाही हो, ओघाचं आहे."

एप्रिलमध्ये दूरच्या एका महानगरात मेट्रोच्या फलाटावर स्फोट झाला. अकरा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी ओघाने शांतपणे सांगितलं, की देशाचा बाण तीस वर्षं खाली आहे आणि कालच्या घटनेने तो बदललेला नाही. ते वाचलं कुणी नाही. प्रत्येकाने शेजारच्या वस्तीचा बाण तेवढा बघितला.

आठवड्याभरात शिक्षक कॉलनीचा अर्ज तयार झाला: बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवावं, ते कॉलनीच्याच लोकांच्या अंगठ्याने उघडावं.

"आई, इथे सही कर," इंदुमतींची लेक शलाका म्हणाली. शलाका कॉलनीच्या समितीची सचिव होती आणि आईच्याच हाडाची असल्यामुळे तिच्या यादीत एकशे अडतीस सह्या अनुक्रमांकासह होत्या.

"कौसल्या रोज सकाळी मला फिरायला न्यायला त्याच बोळातून येते."

"कौसामावशीचा अंगठा आपण आपल्या घरच्या यादीत घालू. मी बोलले अध्यक्षांशी."

"आणि तिच्या वस्तीतली पोरं? शाळा आपल्याकडे आहे."

"मुख्य रस्त्याने येतील."

"अडीच किलोमीटर पडतं."

"मोजलंस वाटतं?" शलाका हसली, मग हसू आवरून म्हणाली, "आई, मला काय हौस आहे का? पण बाण वर आहे. पन्नास वर्षांचा हिशेब आहे तो, कुणाच्या मनातलं खूळ नाही. उद्या काही झालं तर मी अनयाला काय सांगू? माझ्या आईला चालायला जवळ पडत होतं म्हणून?"

अनया म्हणजे तिची मुलगी. त्या नावापुढे इंदुमतींचं काही चालत नसे. पण "चष्मा सापडत नाही" म्हणून त्यांनी सही टाळली. चष्मा नाकावर होता. शलाकाने तो बघितला आणि कागद ठेवून गेली.

सकाळी सहाला घराच्या फाटकावर काठीचे दोन ठोके पडले. कौसल्या तायडे आली की असेच दोन ठोके. बालवाडीत तीस वर्षं पोरांना गप्प करण्यात गेल्यामुळे तिचा आवाज काठीशिवायही पुरला असता.

"काय वं इंदे, उठलीस का बाण बघत बसलीस?"

"तुझा बघत होते."

"माझा वरच आहे. या वयात काहीतरी वर आहे याचंच समाधान."

दोघी कापसाच्या जुन्या जिनाच्या धुराड्यापर्यंत जाऊन परत येत. चव्वेचाळीस वर्षांचा परिपाठ होता. त्या दिवशी इंदुमतींची पावलं सारखी चुकत होती. कधी पुढे जायच्या, कधी थांबून चप्पल बघायच्या.

"चपलेत खडा आहे का मनात?" कौसल्येने विचारलं.

"शुक्रवारी नगरपालिकेत सुनावणी आहे. येणार आहेस?"

"येणार म्हणजे? बोलणार आहे. फाटक लावतात म्हणे आमच्यावर, आम्ही काय मोकाट जनावरं आहोत? आणि ऐक, आमचा बाण वर म्हणतात ना, त्यात माझा देवानंद धरलाय का, ते पण विचारणार आहे."

इंदुमती धुराड्याच्या विटा मोजल्यासारखं वर बघत राहिल्या.

देवानंद हा कौसल्येचा धाकटा भाऊ. १९९६ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेच्या निवडणुकीत उभा होता. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात जिनवस्तीच्या पाण्याच्या टाकीखाली त्याला चौघांनी मारलं. ठाण्यात गुन्हा 'आपसातील वैमनस्य' असा नोंदला गेला. ही निवडणुकीची हत्या आहे, एवढं सरकारने म्हणावं म्हणून कौसल्या पाच वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. प्रत्येक टेबलावर तिला गृहशाखेचा जुना तक्ता दाखवायचे. नोव्हेंबर १९९६, रेल्वेपार पोलीस ठाणे, राजकीय हिंसेच्या घटना: निरंक. म्हणजे शून्य. म्हणजे असं काही घडलंच नाही.

त्या टेबलांपैकी पहिल्या टेबलावर एक तरुण कारकून बाई बसली होती. तिने अर्जदार बाईला खुर्ची दिली, चहा मागवला. कचेरीत अर्जदाराला चहा कोण देतं? कौसल्येला वाटलं, देवमाणूस आहे. ती बाई पुढे तिच्याबरोबर या साहेबाकडून त्या साहेबाकडे हिंडली, अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून दिले. मैत्री झाली ती अशी. इंदुमतींचं अक्षर फार सुंदर होतं. तक्त्यातलं 'निरंक'ही त्याच अक्षरात होतं, पण तीन अक्षरांवरून कोण ओळखणार?

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. अर्धं कॉलनीने, अर्धं जिनवस्तीने, मध्ये मोकळी वाट, जशी लग्नात दोन्हीकडच्या मंडळींमध्ये असते. ओघाच्या विभागीय कार्यालयातून मृण्मयी कोल्हे नावाची विश्लेषक आली होती. तिशीची, बोलायला स्पष्ट. तिने भिंतीवर दोन रेघा उमटवल्या.

"ही शहर ठाण्याची रेघ. शिक्षक कॉलनी यात येते. नव्वदच्या दशकात बऱ्याच घटना, मग हळूहळू कमी. म्हणून बाण खाली. ही रेल्वेपार ठाण्याची, जिनवस्तीची. १९९१ ते ९९ जवळजवळ सपाट. मग २००० पासून घटना दिसू लागतात आणि दरवर्षी थोड्याफार येत राहतात. संख्या मोठी नाही. कॉलनीच्या जुन्या संख्येपेक्षा कमीच आहे. पण शून्यापासून सुरुवात असल्यामुळे कल चढता निघतो."

सभागृहातले पांढरे केस त्या सपाट रेघेकडे प्रेमाने बघत होते.

"काय शांतता होती हो त्या काळी!" कॉलनीचे एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले.

"माणसं चांगली होती," दुसऱ्याने भर घातली.

हेच दोघे त्या काळी निवडणूक आली की आठ दिवस दाराची कडी काढत नसत. इंदुमतींना ते पक्कं आठवत होतं. पण माणसाला आपलं तारुण्य शांततेचं वाटतं, त्याला तेव्हाची शांतता नाही, तेव्हाचे गुडघे जबाबदार असतात.

कौसल्या काठी टेकत उठली. "बाई, त्या सपाट रेघेत नोव्हेंबर शहाण्णव दाखवा."

मृण्मयीने बोट फिरवलं. "निरंक आहे, आजी."

"माझा भाऊ मेलाय त्यात."

"पोलीस नोंदीत असेल, पण राजकीय म्हणून वर्गवारी नसली, तर ओघ धरत नाही. गृहशाखेचा तक्ता हाच आधार असतो." मृण्मयीने पुन्हा रेघेवर बोट ठेवलं. "खरं सांगायचं तर सलग इतकी सपाट रेघ मला स्वतःला विचित्र वाटली होती. खऱ्या जगात शून्यं अशी ओळीने येत नाहीत, मध्ये एखादा खड्डा-उंचवटा असतो. पण नोंद आहे, आणि नोंदीविरुद्ध पुरावा नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी हरकतींसाठी आठ दिवस दिले. बाहेर पडताना कौसल्या म्हणाली, "इंदे, तू त्या शाखेत होतीस ना? तो तक्ता कोण लिहायचं गं?"

"बरेच जण असायचे," इंदुमती म्हणाल्या. टेबलावर त्या एकट्याच असायच्या.

घरी आल्यावर त्यांना एका जागी बसवेना. देवघर पुसलं, पुसलेलं परत पुसलं. शेवटी शिवणाचा डबा उघडला. तळाशी, बटणांच्या पिशवीखाली, निळ्या पुठ्ठ्याची खिशात मावणारी वही होती.

त्या वहीची गोष्ट साधी होती. दर महिन्याच्या पाच तारखेला साहेबांना जिल्ह्याचा एकत्र तक्ता मुंबईला पाठवावा लागे. बारा ठाणी होती. अकरांचा अहवाल वेळेवर यायचा. रेल्वेपार ठाण्याचा शिपाई सायकलवर निघायचा आणि रेल्वेचं फाटक पडलेलं असलं की मालगाडी जाईपर्यंत पलीकडे चहा पीत बसायचा. शिवाय तिथले ठाणे अंमलदार अहवाल लिहायलाच आठ तारखेला घ्यायचे. रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा यायची, साहेब चिडायचे. आधीच्या कारकुनाने नव्या पोरीला टेबल सोपवताना शिकवलं होतं: आलं नाही तर 'निरंक' लिही, आलं की सुधारित तक्ता पाठव. सगळ्या जिल्ह्यांत असंच चालतं.

पोरीने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं उद्यावर टाकलं. पण कारकुनाची जात, म्हणून उशिरा आलेल्या ज्या अहवालात घटना असे, तो ती वहीत टिपून ठेवायची. महिना, आवक तारीख, मृत, जखमी, आणि शेवटी 'सुधारित पाठवला' असा रकाना. त्या रकान्यात एकही खूण नव्हती. ओळी एकतीस. बाविसावी ओळ: नोव्हेंबर १९९६, आवक ९ डिसेंबर, मृत १, जखमी ३. गुन्हा वैमनस्याचा नोंदला असला, तरी मासिक अहवालात ठाण्याने ही घटना निवडणुकीचीच म्हणून मोजली होती. मूळ अहवाल दहा वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट झाले होते. वही नियमात नव्हती, म्हणून उरली.

शलाका दारात उभी होती. किती वेळ, ते कळलं नाही. तिने वही हातात घेतली आणि आईसारखीच बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"म्हणजे त्यांचा बाण वर आहे तो..."

"रेल्वे फाटकामुळे. आणि माझ्यामुळे. दोन हजार साली ठाण्यात संगणक आला, अहवाल त्याच दिवशी यायला लागले. हिंसा वाढली नव्हती, टपाल सुधारलं होतं."

शलाका बसली. "आई, दे ती मला. मी मृण्मयीबाईंना निनावी पाठवते. फाटक थांबेल, तुझं नाव येणार नाही. कौसामावशीला कळणारसुद्धा नाही."

"निनावी वहीला कोण विचारतं? मी कुणाचा निनावी कागद कधी दाखल करून घेतला नाही."

"मग मावशी तुझ्याशी परत बोलेल?"

इंदुमतींनी याचा हिशेब चव्वेचाळीस वर्षं रोज केला होता. उत्तर दरवेळी एकच यायचं, म्हणून त्या परत करायच्या.

मधल्या सात सकाळी धुराड्यापर्यंतच्या वाटेवर त्यांनी सात वेळा सुरुवात केली. एकदा "कौसे, ऐक ना" इथपर्यंत पोचल्या, तर समोरून कुत्रं आलं. एकदा कुत्रं नव्हतं, तेव्हा त्यांनी भेंडीचा विषय काढला.

दुसऱ्या शुक्रवारी मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "हरकत कुणाची?" कौसल्या उठायला काठी सावरत होती, तेवढ्यात इंदुमती उभ्या राहिल्या. कॉलनीच्या बाजूने हरकत आली म्हणून सगळे वळून बघायला लागले.

"इंदुमती भंगाळे. गृहशाखा, १९९१ ते १९९९. तुमच्या भिंतीवर जी शांतता आहे, ती मी लिहिलेली आहे."

मग त्यांनी वही वाचली. एकेक ओळ, कचेरीत टिपणी वाचावी तशी, आवाज न चढवता. जानेवारी एक्क्याण्णव, जखमी पाच. ऑक्टोबर त्र्याण्णव, मृत दोन. बाविसाव्या ओळीला त्या थांबल्या. पाणी मागितलं, प्यायल्या आणि ती ओळ कौसल्येकडे बघून वाचली.

कौसल्येने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. एकतिसावी ओळ संपल्यावर उठली आणि मधल्या मोकळ्या वाटेने बाहेर गेली. काठी टेकवली नाही. हातात धरून गेली.

मृण्मयीने तिथल्या तिथे आकडे भरून बघितले. सपाट रेघ उठली, उंच झाली, आणि तिच्यापुढे आजची रेघ बुटकी दिसायला लागली. "बाण खाली जातो," ती म्हणाली. "कॉलनीपेक्षाही खाली. पण एका खासगी वहीवर कायम करता येणार नाही. प्रत्येक ओळीला एक तरी साक्षीदार हवा. जखमी झालेला माणूस, नाहीतर घरचं कुणी. तोपर्यंत 'अनिश्चित' दाखवू."

त्या संध्याकाळी जिनवस्तीपुढचा बाण लुकलुकायला लागला. फाटकाचा ठराव लांबणीवर पडला. मुख्याध्यापकांनी इंदुमतींना ओळख देणं बंद केलं, त्यांच्या तरुणपणीची शांतता गेली होती. आणि फोन यायला लागले. पहिला शेजारच्या जिल्ह्यातून, एका थरथरत्या आवाजाच्या निवृत्त कारकुनाचा. "बाई, बातमी वाचली. आमच्याकडे दोन ठाणी होती अशी. वही नाही माझ्याकडे, पण आठवतंय." चार दिवसांत असे नऊ फोन आले. मृण्मयीने कळवलं, की राज्यात सव्वाशे वस्त्यांचे बाण लुकलुकतायत, वरिष्ठ हैराण आहेत. "बहुतेक ठिकाणी एकच होतंय, आजी. जुना काळ काळवंडतोय आणि आजचा थोडा उजळतोय. लोकांना दोन्ही आवडत नाहीये."

इंदुमतींचं या कशात लक्ष नव्हतं. सकाळी सहाला त्या घराच्या फाटकाशी उभ्या राहत. ठोके पडत नव्हते. पहिला दिवस, दुसरा, पाचवा. शलाका चहा आणून द्यायची आणि शेजारी उभी राहायची. एके सकाळी इंदुमतींना स्वयंपाकघरात सह्यांचा कागद दिसला. अनुक्रमांक एकवर, शलाकाच्या नावावर, रेघ मारलेली होती.

आठव्या दिवशी त्यांनी मृण्मयीने दिलेले एकतीस दुरुस्ती-अर्ज पिशवीत घातले आणि बोळ ओलांडला. पावलं मोजली नाहीत. मोजली नाहीत हे पलीकडे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

कौसल्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"सही हवी असेल," ती म्हणाली.

"हो."

"चहा पाजायचीस मला. बिस्किटं पण. मी घरी येऊन सांगायची, त्या कचेरीत एकच माणूस आहे म्हणून."

इंदुमती उभ्याच राहिल्या. माफीची त्यांनी तीन वाक्यं ठरवून आणली होती. त्याऐवजी त्या पिशवीचे बंद सोडू लागल्या.

"बाण खाली गेला की पेढे वाटणार म्हणे आमच्या वस्तीत," कौसल्या म्हणाली. "माझा भाऊ मेला होता, हे एकदाचं ठरलं म्हणून पेढे. वाच, काय लिहिलंस ते."

इंदुमतींनी अर्ज काढला. "नोव्हेंबर १९९६. रेल्वेपार ठाणे. मृत एक, जखमी तीन."

"नोव्हेंबर? सबंध महिनाभर मरत होता का तो?"

"अर्जात तारखेचा रकाना नाही, कौसे. ओघ महिनाच घेतो."

"त्याला घेऊ दे काय घ्यायचं ते. तू लिही. सतरा. संध्याकाळचे पावणेसहा. देवानंद सखाराम तायडे. वय सव्वीस."

इंदुमतींनी अर्ज ओट्यावर ठेवला आणि समासात, त्याच सुंदर अक्षरात, लिहिलं. कौसल्येने ते जवळ धरून दोनदा वाचलं. आधी अक्षराकडे बघत राहिली, मग नावाकडे. मग खाली सही केली, बालवाडीच्या बाईंची, फळ्यावर करावी तशी मोठी.

"बाकीचे तीस कुठे आहेत?"

"पिशवीत."

"माणसं गं. माणसं कुठे राहतात, माहीत आहे का तुला?"

"नाही. वहीत फक्त आकडे आहेत."

कौसल्येने तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि भिंतीला टेकवलेली काठी घेतली. "त्र्याण्णवचे दोघे टाकीमागचे. एकाची बायको आहे अजून. एक्क्याण्णवच्या पाच जखमींतले तीन गेले, एक सुरतेला आहे, एक बहिरा झालाय, त्याच्यासमोर मोठ्यानं वाचावं लागेल. तूच वाचायचंस. सगळ्यांपुढे तूच."

"वाचेन. कौसे, मी..."

"बोलू नकोस," कौसल्या पायरी उतरत म्हणाली. "चाल."